आत फाया, वर कटोऱ्या

देवगाव फाटा,
रविवार, दुपार

आदरणीय साडूभाऊ दिनकरराव यांस,

सिद्धोधनचा सविनय जयभीम. अक्कांनाही सांगावा. इकडे सर्व क्षेम आहे असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून आहे. पुढच्या ओळींचं पुढं बघू. तुमचा गुडघा कसा आहे? पालमच्या बसस्टँडसमोरच्या तुमच्या दुकानात हल्ली घड्याळं कमी आणि मोबाइलची कव्हरंच जास्त टांगलेली असतात असं कळलं. वाईट वाटलं. बंद पडत आलेलं घड्याळ कानाला लावून 'ह्याच्या तिसऱ्या चाकात कचरा हाय' असं सांगणारा माणूस आपल्या सासुरवाडीत दुसरा झाला नाही. (दुसरा जावई मीच. त्यामुळं ही स्तुती किती जड हातानं लिहिली असेल ते ओळखा.)

पाकीट बघून दचकला असाल. कुणीही गेलेलं नाही, बँकेची नोटीसही नाही. विषय माझ्या कानांचा आहे. पुढच्या मंगळवारी परभणीला त्यांची परीक्षा आहे. या वयात परीक्षा, आणि तीही अशा विषयाची की ज्याचा अभ्यास करता येत नाही, कॉपी करता येत नाही (यावर पुढं विचार केला आहे). पास झालो तर क्रशरवरची माझी केबिन माझी. नापास झालो तर मालक मला गेटवर बसवणार. दोरी ओढायची, आडवा बांबू वर. दोरी सोडायची, बांबू खाली. बावीस वर्षं दगड चावणारं यंत्र चालवलेल्या माणसाला हे म्हणजे ढोलकी वाजवणाऱ्याच्या हातात अगरबत्ती देण्यासारखं आहे.

तुम्ही क्रशर लांबूनच पाहिलंय, तेही नाकाला दस्ती लावून. एका बाजूनं म्हशीएवढा दगड घालायचा, दुसऱ्या बाजूनं रस्त्याची खडी काढायची. मध्ये दोन दातेरी लोखंडी फळ्या असतात, त्या चावतात. त्याला आम्ही जबडा म्हणतो. त्या जबड्यासमोर पत्र्याची केबिन, केबिनीत मी. आवाजावरून मला कळायचं की दगड अडकलाय, की पट्टा सैल झालाय, की बेअरिंग आठवड्याभरात दगा देणार आहे. तुम्ही घड्याळाचं करता तेच मी करत होतो, फक्त माझं घड्याळ दोन मजली होतं. असो. तर बावीस वर्षं आमच्या कानांची फिकीर कुणाला नव्हती, आम्हाला तर अजिबातच नव्हती; आणि गेल्या दसऱ्यानंतर एकदम सरकारी नियम की कंपनीची अट असं काहीसं आलं आणि मालक तात्यारावांनी दोन खोकी आणली. एकात कानात घालायच्या पिवळ्या मऊ गुट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्या. दुसऱ्यात कानावर बसवायच्या काळ्या कटोऱ्या, वरून कमान असलेल्या. ते कसं वापरायचं हे शिकवायला मोठ्या शहरातून माधवी म्याडम येणार होत्या. त्यांची गाडी रस्त्यात पंक्चर झाली. तात्यारावांना धीर नव्हता, त्यांनी माल वाटून टाकला.

इथं आपल्या जिल्ह्याचा इतिहास आडवा आला. निजाम गेला, अत्तर राहिलं. आमचा आश्रुबा (जबड्यात दगड सोडणारा, वय साठ, पटका पिवळा, मिशी त्याहून पिवळी) दर साली परभणीच्या उरुसातून अत्तराची कुपी आणतो आणि सणासुदीला कापसाचा फाया करून कानाच्या वरच्या घडीत खोवतो. त्यानं ती पिवळी गुट्टी बोटात धरली, दाबली, हुंगली आणि निकाल दिला, की फाया हाय, पर सुका हाय. मग काय, कुपी फिरली. तासाभरानं माधवी म्याडम उतरल्या तेव्हा जबड्यासमोर चौदा बाप्ये ओळीत उभे, प्रत्येकाच्या दोन्ही कानांच्या घडीत पिवळा फाया, सगळीकडं मोगरा घमघमतोय, जणू दगडांचं लगीन आहे आणि नवरदेव ट्रकमधून येतोय. (चौदात मी होतो का, असं अक्का विचारतील. होतो. मी बी.ए. आहे, पण मोगरा चांगला होता.)

म्याडम वयानं लहान, पण गुणी. हसल्या नाहीत. त्यांनी आधी हातातलं आवाज मोजायचं यंत्र जबड्यासमोर धरलं. आकडा आला एकशेसहा डेसिबल. मग जबडा बंद करवून त्यांनी सांगितलं, की एवढ्या आवाजाला एक अडसर पुरत नाही, दोन लागतात. आत ही गुट्टी, म्हणजे बोळा, वर कटोऱ्या, दोन्ही एका वेळी. बोळा घडीत नाही, भोकात. आधी बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडं नेऊन कान वर आणि मागं ओढायचा म्हणजे आतली वाट सरळ होते. मग बोळा आत सारून तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. चौदा जण डोक्यावरून हात नेऊन स्वतःचा कान धरून उभे राहिले. वर्गात गृहपाठ न केलेली आमची पिढी पन्नाशीत पुन्हा एकदा त्याच आसनात उभी राहिली, आणि गंमत म्हणजे एकाचंही ते आसन चुकलं नाही.

कटोऱ्यांवर मात्र गाडी अडली. त्यांची कड कातड्याला चिकटली पाहिजे, मध्ये कापड नको, म्हणून म्याडमनी आश्रुबाला पटका काढायला सांगितला. आश्रुबा म्हणाला, "का वो? घरात कोन मेलंय?" आमच्याकडं पटका उतरतो तो सुतकात, हे म्याडमच्या पुस्तकात नव्हतं. शेवटी तोडगा त्यानंच काढला: कमान मानेमागं घेऊन आधी कटोऱ्या, मग त्या कटोऱ्यांवरून पटका. आता तो जुन्या विमानाचा पायलट सोयरिकीला निघाल्यासारखा दिसतो. पण परिणाम ऐका. त्याला कटोऱ्या काढायच्या तर सोळा हात पटका सोडावा लागतो, म्हणून तो पाळी संपेपर्यंत त्या काढतच नाही. आणि मी, शिकलेला, दर पंधरा मिनिटांनी एक कटोरी उचलून, बोळा ढिला करून बेअरिंग कसं बोलतंय ते ऐकायचो. म्याडम म्हणाल्या होत्या की मधेमधे उघडलं तर केलेलं सगळं पाण्यात. अडाणी हट्टानं आश्रुबाचे कान वाचले आणि माझे कान माझ्या हुशारीनं उघडे पाडले.

आता तुम्हाला रुचेल असं गणित. बोळ्यांच्या पुडीवर तेहतीस लिहिलेलं, कटोऱ्यांच्या खोक्यावर सत्तावीस, म्हणजे एवढा एवढा आवाज कमी होतो. तात्यारावांनी लगेच साठ केले आणि छाती फुगवली. म्याडमनी मान हलवली. म्हणाल्या, ही बेरीज अशी होत नाही. दोघांतला मोठा आकडा धरायचा आणि दुसऱ्याबद्दल वर फार तर पाच घालायचे, तेही कागदावर. तात्यारावांना ते पटेना, मला मात्र तिथंच प्रकाश पडला. आपल्या सासऱ्यांनी दोन जावई केले. गाव म्हणालं, म्हातारा नशिबाचा, दोन लेकरं मिळाली. प्रत्यक्षात तुम्हाला धरायचं आणि माझ्याबद्दल वरचे पाच. (तेही कागदावर.) असं का होतं म्हणाल तर कानाची दारं कितीही लावली तरी आवाज कवटीच्या हाडांतून आत झिरपतो. दाराला कुलपं दोन असली तरी भिंत एकच असते.

पण दिनकरराव, ते पाच. त्या पाचांत मी राहायला गेलो.

कसं सांगू. आधी बोळा बोटाखाली फुगायला लागतो आणि जग एकेक पायरी उतरत जातं. पहिल्यांदा ट्रकचे हॉर्न उतरतात, मग पट्ट्याची करकर, मग माणसं. वर कटोऱ्या बसल्या की उरलेलं जगसुद्धा बाहेर जाऊन हळूच दार ओढून घेतं. समोर जबडा चावतोच आहे, पण दात गेलेलं म्हातारं माणूस दुधातली भाकरी चघळतं तसा. दगड फुटतात ते ढेकळं पाण्यात विरघळावीत तसे. खडी पट्ट्यावरून चढत जाते आणि ढिगावर उतरते ती कुणी लांबच्या अंगणात उडीद पाखडत असावं तशी. धूळ उठते, तिच्यात ऊन शिरतं, आणि ती इतकी सावकाश खाली बसते की मी आजवर धुळीला नावं ठेवली याची लाज वाटावी. मंठ्याकडं जाणारी एसटी आवाज न करता फाट्यावरून निघून जाते, स्वप्नातल्या एसटीसारखी: थांबत नाही, पण राग येत नाही. ट्रकवाले काचेतून तोंडं उघडतात, मिटतात. शिव्या देत असणार, पण ओठांवरून वाटतं की काही तरी जपून ठेवलेलं सांगतायत. आणि आत फक्त मी. माझा श्वास विहिरीत उतरल्यासारखा. एक शेंगदाणा चावला तर डोक्यात दुसरं क्रशर सुरू. काळीज ठोक्यानं ठोका चालतं, आणि मला वाटतं, तुम्हाला बोलावून कान लावायला सांगावं की बघा, कोणत्या चाकात कचरा हाय.

या सगळ्याच्या तळाशी एक रातकिडा होता. बारीक, न थांबणारा, उंच सुरातला. पहिल्यांदा वाटलं बोळ्याचाच आवाज असेल. मग वाटलं, मनुष्य इतका शांत झाला की त्याला आतला काही तरी ऐकू येतं म्हणतात, तेच असेल. बावन्नाव्या वर्षी आपलं ध्यान लागलं. मी तुमच्या मेहुणीला, संघप्रियाला, सांगितलंसुद्धा, की मला क्रशरवर विपश्यना घडायलीय. ती म्हणाली असावी, बरं आहे. (असावी म्हणतो, कारण मी तिच्या चेहऱ्यावरून घेतलं.)

तिथून माझ्या मान हलवण्याला सुरुवात झाली. कुणी समोर येऊन ओठ हलवले की मी मान तिरकी करायचो. आपल्याकडं तिरकी मान म्हणजे हो, आणि हो म्हणलं की माणसं खूश होऊन जातात, हे मला या वयात कळलं. एका हप्त्यात मी आश्रुबाच्या पुतण्याची शिफारस केली, गावातल्या भांडणात पंच झालो आणि तात्यारावांना काही तरी कबूल केलं. काय कबूल केलं ते पुढच्या सोमवारी फाट्यावर कळलं. दहा फुटी फ्लेक्स. त्यावर मी, डोक्यावर कमान, कानांवर कटोऱ्या, बोटानं कानातला बोळा दाखवतोय, आणि खाली तात्यारावांच्या प्रतिभेतून उतरलेलं 'कान सलामत तो काम पचास'. आमच्या खाणीचे सुरक्षादूत, श्री. सिद्धोधन. एसटीतली माणसं खिडकीतून फ्लेक्सकडं आणि मग माझ्याकडं बघतात. परीक्षेत नापास झालो तर तो फ्लेक्स उतरवायचा कुणी आणि तोंड लपवायचं कुठं, हा प्रश्न नोकरीच्या आधी येतो.

घरातली मान जास्त महाग पडली. एकदा संघप्रियानं आतून साखर संपल्याचं सांगितलं. मला साखर आपली असल्याचं ऐकू आलं, आणि मी म्हणालो की आपलीच तर आहे, टाक सढळ हातानं. तिला तो टोमणा वाटला. दोन दिवस गूळ. मग आणखी एकदा तिनं काही विचारलं, मी तिरकी मान केली, आणि चार दिवसांनी सासूबाई बोचकं घेऊन ओट्यावर उतरल्या. (त्या तुमच्याकडून इतक्या लवकर का निघाल्या, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. तुम्हीही आमची मान तिरकी का झाली ते विचारू नका.)

आपल्या सासूचा, सरजाबाईंचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. ओढ्यातून भरला ट्रॅक्टर वर चढावा तसा. त्या आल्या आणि घरात एकदम ऐकू यायला लागलं. त्यांची कुरकुर, त्यांची आठवण, त्यांचा खोकला, सगळं अक्षरन् अक्षर. मी मनात म्हणालो की बघा, जबडा अडवणारी यंत्रं निघाली, सासूला अडवणारं अजून निघायचंय. असा एक बरा विनोद हाती लागला म्हणून मी खूश होतो. आणि मग गेल्या मंगळवारची संध्याकाळ. मी पाळी संपवून आलो होतो, ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलो होतो. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. पारावर कुणी नव्हतं, गाड्या थोड्या. माझ्या त्या शांततेत मी आरामात होतो. रातकिडाही होता.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ते कानातलं काढा की आता. पोरगी तीनदा बोलली मागून."

मी म्हणालो, "काढलंय, आई."

कटोऱ्या आत खुंटीला होत्या. बोळे डबीत, डबी फळीवर, चार वाजल्यापासून. सासूबाईंनी माझ्या कानाकडं पाहिलं. मेथीची एक काडी खुडली, दुसरी खुडली. मग अगदी साध्या आवाजात (साधा म्हणजे त्यांचा) म्हणाल्या, "मंग ती काय म्हणली, सांगा बरं."

मी मागं वळलो तर संघप्रिया दारात उभी होती, हाताला पीठ. ती पुढं येऊन माझ्यासमोर बसली आणि लहान मुलाला विचारतात तसं ओठ सावकाश हलवून विचारलं. मी वाचलं. भाकरी करू का पोळ्या. एवढंच होतं. दिनकरराव, लग्नानंतर कित्येक वर्षं मी तिच्या आवाजाला नावं ठेवली, की तुझ्या बापानं तुझ्या गळ्यात बासरी बसवली आणि अक्कांच्या गळ्यात ढोल. (अक्कांना वाचून दाखवू नका.) बारीक आणि उंच तेच आधी जातं, असं माधवी म्याडमनी नंतर फोनवर सांगितलं. म्हणजे फोन सासूबाईंनी कानाला धरला आणि त्यांनी मला सांगितलं. तुम्हाला फोन का केला नाही तेही यातच आलं. म्याडम म्हणाल्या की हे काही सहा महिन्यांचं काम नाही, हे बावीस वर्षांचं आहे; बोळे आणि कटोऱ्या चांगल्या आहेत, पण गेलेलं आणून देत नाहीत, राहिलेलं राखतात. वरातीमागून घोडं आलं, हे त्यांनी इतक्या सभ्य भाषेत सांगितलं की मला घोड्याचीच कीव आली. रातकिडा बाहेरचा नाही, माझाच आहे. तो आता मुक्कामाला आहे. म्हणाल्या, परीक्षा द्या, आणि तोवर आश्रुबासारखं वागा.

तसं वागतो आहे. आता कटोरी उचलत नाही. बेअरिंगला हात लावून बघतो. ते तळव्याला सांगतं. त्या पाचांत अजून जातो, आणि खोटं कशाला बोलू, अजून तिथं बरं वाटतं. फक्त पाळी सुटल्यावर बाहेर यायचं दार पहिल्यासारखं सापडत नाही. धूळ खाली बसते, एसटी जाते, संघप्रिया ओट्यावरून हात हलवते, आणि सगळं अजून काचेपलीकडंच असतं. छान दिसतं. छान दिसतं हीच तक्रार आहे.

अधिक काय लिहावं, तुम्ही सुज्ञ आहात, निदान आमच्या सासुरवाडीत तसा समज आहे. गुडघ्याला तिळाचं तेल चोळा. अक्कांना जयभीम.

आपला साडू, वरचा पाच,
सिद्धोधन

ता. क. आखाडात सासूबाईंनी पालमला यायचं ठरलं होतं. मी त्यांना पाठवणार नाही. घरात मला पुरतं ऐकू येणारं ते एकच माणूस आहे. तुम्हाला वाईट वाटल्याचं पत्रानं कळवा; मी विश्वास ठेवणार नाही.

ता. क. दुसरा. मुद्द्याचं राहिलं. पुढच्या मंगळवारी तुम्ही पालमहून सकाळच्या एसटीनं परभणीला या, दहा वाजता स्टँडवर भेटू. परीक्षा अशी असते म्हणे: आपल्याला काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर यंत्र लावतात, बाहेरची बाई बटण दाबते, टीं असा आवाज आला की आपण बोट वर करायचं. आवाज फक्त आपल्याला, पण बटण दाबणारा हात सगळ्यांना दिसतो. तुमची नजर घड्याळातल्या केसाएवढ्या कमानीवर बसलेली. तुम्ही तिच्या मागं उभे राहा, आणि तिनं बटण दाबलं की नाक खाजवा. मी बोट वर करीन. केबिन राहील, फ्लेक्सही राहील.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. नाक खाजवू नका. ती बटण दाबेल आणि मी नुसता बसलेला दिसेन, तर बसू द्या. गेटची दोरी ओढायला फार ऐकू यावं लागत नाही. तुम्ही मात्र नक्की या, कारण नंतर डॉक्टर काही तरी सांगतील आणि मी सवयीनं मान तिरकी करीन. तुम्ही करू नका. त्यांचं सगळं नीट ऐकून घ्या, आणि त्यांना माझ्या वतीनं एकच विचारा, की कानाला मशीन लावलं तर संघप्रियाचा आवाज तिचाच ऐकू येईल का दुसऱ्याच कुणाचा. मग स्टँडवर चहा घेताना माझ्यासमोर बसून मला सांगा. उत्तर कसंही असलं, तरी हळू आवाजात सांगू नका.